समायोजनास आमची संमती आहे

पत्रकाचा मथळा आधी ठरला, मजकूर नंतर. आमच्या घरात हीच पद्धत आहे. बाबा उत्तर नागपुरातल्या एका लहान छापखान्यात मशीन चालवतात आणि दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्याकडेला चादर अंथरून पुस्तिका विकतात. मी अक्षरं शिकले ती शाई पसरून वाया गेलेल्या कागदांवर. 'जागे व्हा', 'विचारा', 'हिशोब मागा' हे माझे पहिले शब्द. शांत वाक्य लिहायला मला अजूनही त्रास होतो.

मथळा असा होता: 'प्रत्येक मुलामागे सारखा खर्च झालाच पाहिजे!!' बाबांनी चष्मा वर सरकवला आणि पेनानं एक उद्गारचिन्ह खोडलं.

"दोन काहून लावले वं? दोन लावले का वाचणाऱ्याले वाटते, पहिल्यावर हिचाच भरोसा नाई."

"राग दोन चिन्हांचा आहे, बाबा."

"राग मजकुरात टाक. गुरुवारी मशीन खाली आहे, तोवर दे."

राग कुठून आला होता ते सांगते. मी शिकले महापालिकेच्या शाळेत, जरीपटक्याच्या बाजाराला लागून. खिडकी उघडली की कपड्याच्या दुकानातली गाणी आत यायची, लावली की वर्गात अंधार, कारण बल्ब कधीतरीच असायचा. माझे मामा कोराडीच्या वीज केंद्रात. उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे राहायचो. वसाहतीतल्या शाळेच्या खिडक्यांवर राखेचा थर असायचा, बाहेर कोळशाचे ट्रक धडधडायचे, पण आत प्रयोगशाळा होती. काचेच्या नळ्या, कपाटात सांगाडा, आणि त्या सांगाड्याला मामेभावानं ठेवलेलं टोपणनाव. मी त्या सांगाड्याचा हात धरून उभी राहिले होते. आमच्या शाळेत हाडांचं चित्रसुद्धा फाटकं होतं. एकाच जिल्ह्यातली, बसनं तासाभराच्या आत गाठता येतील अशी दोन मुलं, आणि एकाच्या वाट्याला सांगाडा, दुसऱ्याच्या वाट्याला फाटकं चित्र. हे कोण ठरवतं? हा प्रश्न मी तेव्हाच मामांना विचारला. मामा म्हणाले, "जेवण कर."

पत्रकात मला तीन शाळा शेजारी शेजारी मांडायच्या होत्या. माझी, मामेभावाची आणि तिसरी कुही तालुक्यातल्या एका लहान गावची, जिल्हा परिषदेची. तिसरी शाळा मला माहीत होती, कारण माझी शाळेपासूनची मैत्रीण तिथे शिक्षिका होती. धानाच्या बांध्यांमधलं गाव. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पट वीसच्या आत. पट म्हणजे हजेरीपत्रकावर असलेली मुलं. या एका शब्दावर शाळा जगते किंवा मरते.

मैत्रिणीनं कच्चा मजकूर वाचला आणि मला म्हणाली, "आमची शाळा यातून काढ."

"काहून? तुमचीच तर सगळ्यात गरीब आहे!"

"गरीब आहे. पण तू मुलामागे भागतेस ना? दोन शिक्षकांचा पगार घे आणि माझ्या पटानं भाग. आमचं पोरगं तुझ्या तिन्ही शाळांत सगळ्यात महाग निघतं."

मी भागाकार केला. एकदा, मग पुन्हा. तिचंच बरोबर होतं. आकडा मी इथे लिहीत नाही. तो लिहिला की लोक आकडाच वाचतात, शाळा वाचत नाहीत. जिथे शौचालयाला दार नव्हतं, जिथे नकाशा भिंतीवर हातानं काढलेला होता, ती शाळा माझ्या मथळ्याप्रमाणे जास्त खर्चाची होती. सारखा खर्च हवा असेल तर तिथला कमी करायला हवा होता.

त्या आठवड्यात मला काही सुचेना. समता म्हणजे सारखं, हे मी पाटीआधी शिकले होते. आता सारखं म्हणताना जीभ अडखळत होती. बाबा रोज विचारायचे, मजकूर झाला का. मी म्हणायचे, मथळा चुकला आहे. ते म्हणायचे, "मंग मथळा बदल, गुरुवार बदलत नाई." मैत्रीण तेव्हा प्रशिक्षणासाठी शहरातच होती. ती परत निघाली तेव्हा मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. मला ती शाळा पुन्हा पाहायची होती. खरं तर मला माझा मथळा वाचवायचा होता.

शाळा उघडायला आठवडा होता. कुहीला एसटी, तिथून काळीपिवळी जीप, मग पायी. गाव जवळ आलं तशी ती थबकली. शाळा पिवळीधमक झाली होती. रंगारी शिडीवर चढून दारावर 'सुस्वागतम्' लिहीत होता. आवारात धुतलेल्या चटया वाळत टाकल्या होत्या. दोन बायका गवत उपटत होत्या.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पुढे आले. पन्नाशीचा शेतकरी माणूस, नात पहिलीत. मैत्रिणीला ते मॅडम म्हणायचे आणि मला बाई.

"पाहा वं बाई, कशी झाली शाळा! घरामागं एक पायली धान काढलं. इकलं आन् रंग आणला. आता पन्नास पोट्टे बसले तरी जागा कमी पडत नाई."

"पन्नास?" मैत्रीण हसली. "भाऊ, येणार कुठून पन्नास?"

"काहून, थे डांबरी रस्त्यावरच्या गावचे. त्यायच्या शाळेचं छत गळते ना. समायोजन होऊन राहिलं त्यायचं आपल्यात. साहेबाचा फोन आला होता, दोन शाळेचं समायोजन हाय, ठराव पाठवा म्हणून. तुमी ट्रेनिंगले, मास्तर मतदार यादीच्या कामाले. मंग आमीच लिवला. थे सांगत गेले, मी लिवत गेलो."

"ठराव कुठे आहे?"

त्यांनी कौतुकानं वही आणली. त्यांचं अक्षर सुंदर होतं. 'सदर शाळेचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्यास समितीची संमती आहे.' खाली सगळ्यांच्या सह्या, काही अंगठे.

मैत्रिणीनं वाचलं, वही मिटली, परत उघडली. "भाऊ, सदर शाळा म्हणजे कोणती?"

"थे, त्यायची."

"नाही. ज्या समितीचा ठराव, तिचीच शाळा. सदर म्हणजे ही."

गवत उपटणाऱ्या बायकांचे हात थांबले. भिंतीच्या सावलीत बसलेले एक आजोबा म्हणाले, "मले त वाटलं, सदर म्हंजे नागपूरचं सदर बाजार. म्हटलं एवढ्या दुरून पोट्टे रोज कसे येतीन बाप्पा!" कोणीतरी हसलं, लगेच गप्प झालं.

अध्यक्ष हसले नाहीत. "आन् नजीकची शाळा?"

"त्यांची."

"कशी त्यायची?" त्यांचा आवाज चढला. "नजीक म्हंजे जवळ ना? आमाले आमची शाळा जवळ हाय का त्यायची? सांगा ना तुमी! माह्या घरून पाहा, हे पिवळी दिसते. थे दिसते का?"

जगातल्या कुठल्याही शब्दकोशानं त्यांचंच बरोबर ठरवलं असतं. नजीकची शाळा त्यांच्यासाठी ही एकच होती. फक्त कागद त्यांच्या दारात उभं राहून लिहिलेला नव्हता.

गवत उपटणाऱ्या बायकांपैकी एक समितीत होती. तिची धाकटी मुलगी तिसरीत जाणार होती. ती बाई मातीचे हात लुगड्याला पुसत आली आणि तिनं मैत्रिणीला सरळ विचारलं, "म्हंजे माह्या पोरीले रपट्यावरून जा लागन?"

डांबरी रस्त्यावरच्या गावाच्या वाटेत नाला आहे. त्यावर रपटा, म्हणजे कठडे नसलेला, पाण्याच्या पातळीला टेकलेला सिमेंटचा ठेंगणा पूल. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ही बाई उजाडताच दुसऱ्यांच्या बांध्यांत उतरायची, तेव्हा मुलीचा हात धरून रपटा ओलांडून द्यायला घरी कोणी नव्हतं. हे तिनं मला समजावून सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मोठीचं तेच झालं. पाचवीले नाल्यापलीकडं टाकली, एक पावसाळा गेली, मंग नाई गेली. आता माह्यासंगं रोवणीले येते. धाकटीचं होऊ देत नाई मी. काय लिवा लागते थे लिवा."

शेवटचं वाक्य तिनं मला उद्देशून म्हटलं. मी पत्रकं लिहिते हे मैत्रिणीनं तिला सांगितलं असावं.

सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांना मैत्रिणीनं फोन करून बोलावलं होतं. त्यांचा तिरस्कार करायची माझी पूर्ण तयारी होती, पण ते घामेजलेले, मोटरसायकलवरून आलेले, साधे गृहस्थ होते. दोन तांबे पाणी प्यायले. भिंतीकडे पाहून "रंग छान दिलात" म्हणाले आणि खरंच ओशाळले. अख्खं गाव पिवळ्या खोलीत बसलं होतं, मुलं पुढे, बाया एका बाजूला.

"शाळा बंद होत नाही," ते म्हणाले. "तो शब्द कोणी वापरू नका. समायोजन आहे."

"एसटीत म्हणतात तसं," आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "थोडं सरकून घ्या."

"असंच समजा. मोठी शाळा, जास्त मित्र, जास्त शिक्षक. वाहतूक भत्ता मिळेल मुलांना."

"पाण्यावरून भत्ता चालून जाईन का, साहेब?" मुलीच्या आईनं विचारलं.

साहेबांनी खडू घेतला. बहुधा त्यांनी हे बऱ्याच गावांत केलं असावं, कारण त्यांचा हात अडखळला नाही. नव्या रंगवलेल्या फळ्यावर वर्षाचा एकूण खर्च लिहिला, खाली पट, मध्ये भागाकाराची रेघ. उत्तराभोवती गोल केला.

"एका मुलामागे शासन एवढा खर्च करतं. नागपुरातल्या शाळेत मुलामागे याच्या निम्माही होत नाही. मीसुद्धा झेडपीच्याच शाळेत शिकलो. पण सांगा, हे बरोबर आहे का?"

तो माझाच भागाकार होता. माझ्या पिशवीत तो घडी घालून ठेवलेला होता, माझ्या मथळ्यासकट.

खोलीत जे झालं ते मी विसरू शकत नाही. लोक फळ्याकडे पाहत नव्हते, पुढे बसलेल्या मुलांकडे पाहत होते, जणू त्या पोरांनी घरात न विचारता काही खाऊन टाकलं होतं. एका बापानं आपल्या मुलाचा शर्ट खालून ओढून सरळ केला. एवढा महाग मुलगा असा चुरगळलेला बरा दिसत नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं असेल. मला उठून तो फळा पुसावासा वाटत होता.

आजोबांनी कोंडी फोडली. "एवढे? मंग खडू काहून पांढरे देता गा, सोन्याचे द्या ना."

"थे पोरामांगं म्हणतात ना," मागून कोणी तरुण म्हणाला, "मांगं मांगंच राहते थो पैसा. पुढं आला असता तर संडासाले दार लागलं असतं."

आता हसू आलं, आणि हसण्याबरोबर माना वर आल्या. मी उभी राहिले.

"भागाकार बरोबर आहे," मी म्हटलं. "प्रश्न चुकीचा आहे! लहान गावात मुलं कमी असणारच. पहिली ते चौथी एका माणसानं शिकवायची की दोघांनी, हे पटावर ठरत असेल तर लहान गावात जन्माला येणं हाच गुन्हा ठरतो. सारखं शिक्षण द्यायचं तर खर्च सारखा राहूच शकत नाही. जिथे मुलं लांब आणि थोडी, तिथे जास्तच लागणार, आणि ते उपकार नाहीत!"

टाळ्या पडल्या. मला टाळ्या आवडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मी पुढचं वाक्य जुळवत होते तेवढ्यात मुलीच्या आईनं माझा दुपट्टा खाली ओढला.

"भाषण पुरे वं. साहेब जाऊन राहिले. ठराव लिव."

साहेब खरंच घड्याळ बघत होते. मी खाली बसले. अध्यक्षांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "माह्या हातानं आता नाई लिवत. पण सदर नको टाकू, नजीक नको टाकू. आमाले समजन असंच लिव."

मला वाटलं होतं, निदान इथे माझं काम आहे. मी लिहिलं, 'शिक्षण हा हक्क असून'. मुलीची आई म्हणाली, "थे नंतर. पयलं लिव, मांगचा ठराव आमाले समजला नव्हता." मी म्हटलं, असं लिहिलं तर आपण कमी दिसतो. "दिसू दे. पण खरं हाय ना?" मग एकेकानं सांगितलं आणि मी लिहिलं. मागचा ठराव आम्हाला समजला नव्हता, तो रद्द. या गावातली शाळा या गावातच राहील. नाल्यावर पाणी असतं, मुलं पलीकडे पाठवणार नाही. पलीकडची मुलं इकडे आली तर आनंद आहे, रंग दिलेला आहे. एकही उद्गारचिन्ह नव्हतं. माझ्या हातून गेलेला तो पहिला असा कागद.

साहेबांनी वाचला. "हे नमुन्यात बसत नाही."

"नसंन बसत," आजोबा म्हणाले, "त नमुन्याले म्हणा, सरकून घे."

साहेब हसले. कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाताना मैत्रिणीला हळूच म्हणाले, वर पाठवतो, माझ्या हातात एवढंच.

शाळा राहिली. उघडण्याच्या दिवशी मुलांना फुलं दिली गेली, आणि मैत्रिणीनं फोनवर सांगितलं की तिसरीच्या त्या मुलीनं फुलाच्या पाकळ्या मोजून दाखवल्या. मी घरी बाबांना म्हटलं, जिंकलो. बाबांनी विचारलं, "मंग मजकूर?" मी म्हटलं, आता मथळा नवा लागेल. गुरुवार कधीच निघून गेला होता, मशीनवर कोणाच्या तरी लग्नपत्रिका चालू होत्या.

रोवणी संपता संपता आदेश आला. शाळा जागेवर, पण एवढ्या पटाला एकच शिक्षक मंजूर. दुसरा अतिरिक्त. मैत्रिणीचं समायोजन झालं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिनं मला तो आदेश वाचून दाखवला तेव्हा ती रडत नव्हती, हसत होती, ते जास्त वाईट होतं. "बघ," ती म्हणाली, "आता आमचं पोरगं स्वस्त झालं. पटानं भागून बघ." मी भागलं नाही.

मास्तर एकटे राहिले. चार वर्ग, खिचडीची देखरेख, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका. बैठक असली की शाळेला कुलूप. मुलीच्या आईनं मला फोन केला. मी दोन शनिवार गेले आणि वर्ग घेतले. मला शिकवता येत नाही, मी नुसती ओरडते, पण मुलांना ते आवडलं. दुसऱ्या शनिवारी मी चटया गुंडाळत होते तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती.

"तुले पगार भेटते का वं?"

"छे. मी अशीच येते."

"म्हणून तं तू चालते त्यायले."

मला राग आला. बसमध्ये कुहीपासून नागपूरपर्यंत तो राग मी तिच्यावर काढत होते, मनातल्या मनात. इतक्या लांब येते, उन्हात चालते, आणि ही असं बोलते. उमरेड रोडला कुठेतरी लक्षात आलं की ती मला बोलतच नव्हती. माझं येणं उद्या कुठल्यातरी अहवालात 'लोकसहभाग' म्हणून जाईल, त्या पायली पायली धानासारखं, आणि दुसऱ्या शिक्षकाची गरज नाही याचा पुरावा ठरेल. मी तिला फोन केला. "मी येत नाही आता शिकवायला."

"मले माईत होतं," ती म्हणाली. "मंग बुधवारी ये. मास्तरची मीटिंग हाय. पोट्टे घेऊन आमी कुहीले जाऊन राहिलो. जेथी मास्तर, तेथी शाळा."

बुधवारी मी थेट कुहीला उतरले. शिक्षण कार्यालयाच्या व्हरांड्यात पिवळ्या शाळेच्या चटया अंथरलेल्या होत्या. मुलं वर्गवार बसली होती, पहिली खांबाशी, चौथी पायऱ्यांशी. आतल्या खोलीत बैठक चालू होती आणि दाराच्या फटीतून मास्तर अस्वस्थपणे डोकावत होते. अध्यक्ष पाण्याचा कॅन उतरवत होते. मी पिशवीतून कागद काढायला लागले, तर मुलीच्या आईनं हातानंच नको म्हटलं.

शिपाई बाहेर आला. "बाई, आत मीटिंग हाय. जरा हळू बोला. साहेब लोकायले ऐकू येत नाई."

"ऐकू येत नाई काय?" ती म्हणाली, आणि धाकटीकडे वळली. "उभी राय वं. धडा काढ. मोठ्यानं वाच."

मुलगी उभी राहिली. पहिलं वाक्य तिनं घाबरत वाचलं, दुसऱ्याला बाकीच्यांनी सूर धरला, आणि आतला आवाज हळूहळू बंद पडला.